सुट्टीच्या विमानात बिझनेस क्लास: नेमकं काय मिळतं?

केतकीगंध

नमस्कार मंडळी. पुढच्या मोठ्या सुट्टीत आम्ही चौघं एका बेटावर जायचं म्हणतोय: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. जाताना रात्रीचं साडेनऊ तासांचं विमान आणि पुढे दोन तासांचं छोटं. येताना हेच उलट क्रमाने, पण दिवसा.

सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. चालतात व्यवस्थित, पण तासभर एकाच जागी बसलं की उठताना फार त्रास होतो. बरीच वर्षं त्यांनी कुठे जायचं नावच काढलं नाही, आत्ता कुठे तयार झाल्या आहेत. म्हणून मनात येतंय की हा प्रवास बिझनेस क्लासने करावा. आमच्यापैकी कोणीच आजवर त्यात बसलेलं नाही. तिकिटाच्या पानावर नुसतं 'बिझनेस' लिहिलंय आणि शेजारी पांघरूण घेऊन शांत झोपलेल्या बाईचा फोटो आहे. प्रत्यक्षात असंच असतं का? सुट्टीतल्या विमानांत काही वेगळं असतं का? पैसे मोठे आहेत, त्यामुळे अनुभवी लोकांनी मोकळेपणाने सांगा.

अवकाशवेडा

त्या बाईच्या फोटोवर विसंबू नका. आधी फ्लाइट नंबर घ्या आणि त्या दिवशी कोणतं विमान आहे ते बघा. 'बिझनेस क्लास' हे नाव आहे, खुर्ची नाही. एकाच नावाखाली निदान चार प्रकारच्या खुर्च्या आज उडताहेत.

क्वांटासने १९७९ मध्ये बिझनेस क्लास सुरू केला तेव्हा तो म्हणजे जरा रुंद खुर्ची आणि मागे थोडी शांतता. पूर्ण सपाट होणारी खाट बिझनेसमध्ये आणली ती ब्रिटिश एअरवेजने, २००० साली. त्यानंतर २००३ मध्ये व्हर्जिन अटलांटिकने खुर्च्या तिरक्या मांडून प्रत्येकाला शेजाऱ्याला न ओलांडता थेट वाटेवर उतरायची सोय दिली आणि २०१७ मध्ये कतारने सरकतं दार बसवलं. पण नवीन आलं म्हणून जुनं गेलं असं झालेलं नाही. सगळ्या पिढ्या एकाच वेळी आकाशात आहेत आणि सगळ्यांच्या तिकिटावर शब्द तोच.

तर हे चार प्रकार.

पहिला, युरोपातल्या छोट्या विमानांतला: खुर्ची इकॉनॉमीचीच, फक्त मधली रिकामी ठेवतात. दुसरा, रिक्लायनर: रुंद, पाठ बरीच मागे जाते, पायाला आधार येतो, पण खाट होत नाही. तिसरा, तिरकी खाट: सरळ होते पण जमिनीशी कोन राहतो. चौथा, खरीखुरी सपाट खाट. साडेनऊ तासांच्या रात्रीला फक्त चौथा प्रकार पैसे वसूल करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सुट्टीच्या विमानांबद्दल. ज्या कंपन्या मुख्यतः पर्यटकांना नेतात त्यांच्यात फरक फार मोठा आहे. कॉन्डोरच्या नव्या ए ३३० निओमध्ये बिझनेसच्या ३० खुर्च्या १-२-१ मांडणीत (म्हणजे एका खिडकीपाशी एक, मध्ये दोन, दुसऱ्या खिडकीपाशी एक) आहेत, सगळ्या सपाट होणाऱ्या. एअर ट्रान्सॅटच्या ए ३२१ एलआरमध्ये 'क्लब क्लास'च्या १२ खुर्च्या २-२ अशा आहेत आणि त्या रिक्लायनर आहेत. ट्युईच्या ब्रिटनमधल्या बोइंग ७८७ मध्ये पुढचा विभाग २-३-२ आहे आणि त्याला ते स्वतःच 'प्रीमियम' म्हणतात, बिझनेस नाही. हे प्रामाणिक आहे, पण तिकीट विकणारी तिसरीच संकेतस्थळं कधीकधी सगळं एकाच रकान्यात टाकतात. आणि ही गोष्ट फक्त सुट्टीच्या कंपन्यांची नाही. एमिरेट्सच्या जुन्या ७७७ मध्ये बिझनेस २-३-२ आहे, म्हणजे मधल्या खुर्चीवरही माणूस बसतो. त्यांच्याच ए ३८० मध्ये १-२-१ आहे आणि मागे बारसुद्धा.

एरोलोपा या संकेतस्थळावर जाऊन तुमच्या विमानाचा नकाशा बघा. खुर्च्यांची मांडणी त्यात खिडक्यांसकट दिसते.

निळासावळा

तिसऱ्या प्रकाराबद्दल अनुभवाने सांगतो. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीला आम्ही साठवलेले सगळे पॉइंट्स घालून बिझनेस घेतलं होतं. खुर्ची तिरक्या खाटेची होती. रात्रभर हळूहळू पायाकडे घसरत होतो. झोप लागायची, घसरायचो, जाग यायची, पुन्हा वर सरकायचं. बायको तर दोन वाजता खुर्ची अर्धी उभी करून बसली ती सकाळपर्यंत. तिकीट काढताना 'लाय फ्लॅट' असं लिहिलेलं होतं आणि आम्ही ते पूर्ण सपाट असं समजलो. नेमका शब्द 'फुल्ली फ्लॅट' किंवा '१८० अंश' असा आहे का, तेवढं बघा.

तिकीटघर

मी अठरा वर्षं तिकीट काउंटरवर काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ताई, हे नीट वाचा, कारण यातल्या गोष्टी लोकांना विमानतळावर कळतात आणि मग उपयोग नसतो.

एक. आज 'बिझनेस'चं भाडंही एकाच प्रकारचं राहिलेलं नाही. २०१९ मध्ये एमिरेट्सने स्वस्त बिझनेस भाडं आणलं ज्यात लाउंज नव्हतं. २०२० मध्ये कतारने 'लाइट' आणलं, मग फिनएअरने २०२१ मध्ये. खुर्ची तीच, पण लाउंज, आधी सीट निवडणं, तारीख बदलणं, काही ठिकाणी सामानसुद्धा वेगळं. सुट्टीच्या जाहिरातीत दिसणारं सगळ्यात कमी भाडं बहुतेक हेच असतं. तिकीट घेण्याआधी भाड्याच्या अटींचं पान उघडून पूर्ण वाचा.

दोन. 'मिक्स्ड केबिन' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. लांबचा टप्पा इकॉनॉमीत आणि छोटा बिझनेसमध्ये, तरी वर मोठ्या अक्षरात बिझनेस! प्रत्येक टप्पा उघडून बघा. तुमचा दोन तासांचा टप्पा बहुतेक मधली खुर्ची रिकामी ठेवण्याच्या प्रकारचाच असेल. त्यासाठी वेगळे पैसे पडत असतील तर देऊ नका.

तीन, आणि सुट्टीच्या मोसमात हे सगळ्यात महत्त्वाचं. गर्दीच्या महिन्यांत कंपन्यांना विमानं पुरत नाहीत. मग त्या दुसऱ्या कंपनीकडून विमान कर्मचाऱ्यांसकट भाड्याने घेतात. याला वेट लीज म्हणतात. रंग वेगळा, खुर्च्या वेगळ्या, पडदा वेगळा. तुम्ही बघून ठेवलेला नकाशा त्या दिवशी लागू पडत नाही. फ्लाइटच्या माहितीत 'ऑपरेटेड बाय' पुढे कोणाचं नाव आहे ते बघायचं. तिकीट काढताना बघा, महिन्याने बघा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा. तुमच्या सीटचा नंबर आपोआप बदललेला दिसला तर समजायचं की विमान बदललं आहे. लगेच फोन करा.

मोठ्या सुट्ट्यांत ऑफिसच्या कामाने फिरणारा माणूस घरी असतो. त्यामुळे कामाच्या शहरांना जोडणाऱ्या मार्गांवर त्या दिवसांत बिझनेसच्या जागा रिकाम्या राहतात आणि अपग्रेडच्या बोलीला (म्हणजे इकॉनॉमीच्या तिकिटावर जादा पैशांची बोली लावून वरच्या क्लासची जागा मागण्याला) संधी असते. बेटांच्या मार्गावर असं होत नाही. तिथे बिझनेस घेणारेही सुट्टीवरचेच असतात आणि ते सहा महिने आधी तिकीट काढून बसलेले असतात. म्हणून बेटाला जाताना 'शेवटी स्वस्तात मिळेल' या आशेवर राहू नका.

पिंपळपान

माझ्या मुलाला पाच वर्षांचा असताना घेऊन गेले होते. १-२-१ मांडणी ऐकायला छान वाटते, पण लहान मूल बरोबर असेल तर तीच अडचण होते. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मुलाचा चेहरा दिसत नाही. पट्टा बांधलाय का बघायला मला दर वेळी उठावं लागत होतं. आमच्या आधीच्या सहलीत २-२-२ होतं, जुनी म्हणून लोक नावं ठेवतात त्याला, पण तो माझ्या शेजारी हात धरून झोपला. कुटुंबासाठी आणि जोडप्यासाठी मला तीच मांडणी आवडते. हवाईयन एअरलाइन्सच्या ए ३३० मध्ये अशा १८ सपाट खाटा आहेत आणि तिथे मधुचंद्राला जाणारे लोक त्या मुद्दाम मागतात.

अजून एक. मधल्या दोन खुर्च्यांतही प्रकार असतात. काही विमानांत एका रांगेत त्या एकमेकींना चिकटून आणि पुढच्या रांगेत वाटेच्या बाजूला, लांब लांब. नकाशा बघून चिकटलेली जोडी घ्या. अगदी छोटं बाळ असेल त्यांच्यासाठी: कमरेच्या पट्ट्यात एअरबॅग असलेल्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊ देत नाहीत किंवा वेगळा पट्टा लावतात. आधी विचारून घ्या.

रानवाटा

मी थोडं वेगळं मांडतो, राग मानू नका. येतानाचं विमान दिवसाचं आहे ना? मग त्यात सपाट खाटेचं काम काय? दिवसा माणूस जागाच असतो. बिझनेसचं तिकीट इकॉनॉमीच्या काही पट असतं. चौघांच्या परतीच्या फरकात तुमचा बेटावरचा मुक्काम काही दिवसांनी वाढेल. सासूबाईंना समुद्राकाठी दोन सकाळी जास्त मिळाल्या तर त्या विमानातल्या खुर्चीपेक्षा जास्त लक्षात राहतील, असं मला मनापासून वाटतं. प्रीमियम इकॉनॉमीचाही विचार करा. पाय ठेवायला जागा, रुंद खुर्ची, शेजारी कमी लोक. दिवसाच्या प्रवासाला तेवढं पुरतं.

शांतनदी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून गुडघ्यांबद्दल बोलते.

सपाट खाट गुडघ्याला नक्की बरी. पण फक्त पाय लांब करता येणं एवढंच बघू नका. पाय हलवायला, वळवायला जागा किती तेही बघा. आजच्या बहुतेक सपाट खाटांत पाय पुढच्या खुर्चीच्या पोटातल्या खोबणीत घालावे लागतात. काही ठिकाणी ती इतकी अरुंद असते की कुशीवर वळताना गुडघा वाकवायला जागा राहत नाही. सगळ्यात पुढच्या रांगेत पुढे खुर्ची नसते, त्यामुळे खोबण बऱ्याचदा मोठी मिळते. शक्य असेल तर सासूबाईंसाठी तीच रांग मागा. बुटक्या माणसाला आणखी एक त्रास होतो: खुर्ची उभी असताना समोरची पाय टेकायची जागा लांब असते, पाय तिथे पोचत नाहीत आणि लोंबकळतात. एक जास्तीची उशी मागून पायाखाली घ्यायची.

मला इथे सगळ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पायातल्या शिरांत गुठळी होण्याला लोक 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' म्हणतात आणि बिझनेस घेतलं की धोका टळला असं समजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की चार तासांहून जास्त प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो, आणि कारण आहे हालचाल न करणं. मूळ धोका लहान आहे, साधारण ६,००० प्रवाशांत एक. पण खाटेवर सात तास न हलता पडून राहिलात तर क्लास कोणता याने फरक पडत नाही. घोटे फिरवणं, पोटऱ्या आवळणं-सोडणं, दोन तासांनी वाटेवरून एक फेरी. सासूबाईंच्या शस्त्रक्रियेला किती काळ झालाय ते सांगून त्यांच्या डॉक्टरांना आधी विचाराच.

व्हीलचेअरची मदत कोणत्याही क्लासमध्ये मिळते आणि तिला पैसे पडत नाहीत. निदान ४८ तास आधी सांगून ठेवा. चालता येत असलं तरी सांगा. मोठ्या विमानतळावर गेटपर्यंतचं अंतर फार असतं.

दूरचा_किनारा

वेट लीजच्या मुद्द्यावर +१, आणि पुढची पायरी मी सांगतो, कारण आम्ही ती सोसली आहे.

गेटवर कळलं की विमान बदललं, बिझनेसच्या जागा कमी, आम्हा दोघांना मागे जावं लागेल. कंपनीचं नाव लिहीत नाही. सुट्टीचा पहिला दिवस, बायकोच्या डोळ्यांत पाणी. काउंटरवरच्या मुलाने एक व्हाउचर पुढे केलं आणि सही मागितली. मी सही केली नाही, आणि ते फार बरं झालं.

आमचं विमान युरोपातून सुटणारं होतं. तिथे प्रवाशांच्या हक्कांचा युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम आहे. तिकीट वरच्या क्लासचं आणि बसवलं खालच्यात, तर कंपनीने सात दिवसांत भाड्याचा ठराविक हिस्सा परत द्यायचा: १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, युरोपीय संघाबाहेरच्या ३,५०० किलोमीटरहून लांब प्रवासाला ७५ टक्के, मधल्यांना ५० टक्के. युरोपातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीला हे लागू होतं आणि बाहेरून युरोपात येताना फक्त युरोपीय कंपन्यांना. २०१६ मध्ये तिथल्या न्यायालयाने स्पष्ट केलं की टक्केवारी पूर्ण तिकिटावर नाही, तर ज्या टप्प्यावर खाली बसवलं त्याच्या भाड्यावर, तेही कर वगळून. आम्ही बोर्डिंग पासचे दोन्ही कागद जपून ठेवले होते, पहिला बिझनेसचा आणि बदललेला. त्यांच्या जोरावर पैसे परत मिळाले. वेळ लागला, पण मिळाले.

जिथे असा नियम नाही तिथेही भाड्यातला फरक लेखी मागा. आणि घाईत कशावरही सही करू नका.

केतकीगंध

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! कालची संध्याकाळ नवरा आणि मी हा धागा समोर ठेवूनच बसलो होतो.

विमान ७८७ आहे, मांडणी १-२-१, '१८० अंश' असं स्पष्ट लिहिलंय आणि उडवणारी कंपनी तीच आहे. छोट्या टप्प्यात खरंच फक्त मधली खुर्ची रिकामी. रानवाटा, तुमचं म्हणणं पटलं. परतीचं बिझनेस रद्द. पण जातानाचंही चौघांचं झेपत नाहीये. म्हणून दोनच घ्यावीत असं चाललंय. सासूबाई आणि लेक पुढे, आम्ही दोघं मागे. आजी-नातीची फार माया आहे. हे चालेल का?

तिकीटघर

चालणार नाही असं नाही, पण मी सुचवणार नाही. मुलाबरोबर त्याच केबिनमध्ये मोठं माणूस हवं असा बहुतेक कंपन्यांचा नियम आहे. कागदावर आजी ते मोठं माणूस आहेत. पण ऑक्सिजनचा मास्क खाली आला किंवा घाईने उतरायची वेळ आली तर गुडघ्यांचा त्रास असलेल्या बाईने नातीला सांभाळायचं? आणि मागच्या लोकांना मध्ये पुढे येऊन बसू देत नाहीत, हेही लक्षात घ्या. सासूबाईंबरोबर तुमच्या दोघांपैकी एकाने बसावं.

दोन केबिन म्हणजे बुकिंगही दोन होतील, पीएनआर (बुकिंगचा नंबर) वेगळे. फ्लाइट रद्द झाली तर यंत्रणा दोघांना एका विमानात आणि दोघांना दुसऱ्यात टाकू शकते. कंपनीला फोन करून दोन्ही बुकिंगमध्ये एकमेकांचा नंबर नोंदवून घ्या. त्याने हमी मिळत नाही, पण बदल करणाऱ्या माणसाला ते एकच कुटुंब आहे हे दिसतं.

अपग्रेडची बोली सासूबाईंसाठी नको. बोली लागते ती निघायच्या एक-दोन दिवस आधी, कधी त्याहून उशिरा. सीट कुठली येईल ते हातात नसतं, दोघं शेजारी येतील असं नाही आणि इकॉनॉमीत पैसे देऊन घेतलेली सीट जाते. ज्याची गरज आहे त्याचं तिकीट सरळ काढावं.

अवकाशवेडा

७८७ ही चांगली बातमी आहे. जुन्या विमानांत आतल्या हवेचा दाब साधारण ८,००० फूट उंचीवरच्यासारखा असतो, ७८७ आणि ए ३५० मध्ये ६,००० फुटांचा. हवा थोडी दमटही ठेवता येते. वय झालेल्या माणसाला उतरल्यावर हा फरक जाणवतो. आणि तो इकॉनॉमीतल्या तुमच्या लेकीलाही तेवढाच मिळणार आहे.

केतकीगंध

ठरलं. सासूबाई आणि मी पुढे, पहिल्या रांगेतली चिकटलेली जोडी. नवरा आणि लेक मागे, प्रीमियम इकॉनॉमीत. आल्यावर नक्की लिहीन.

*(अडीच महिन्यांनंतर)*

केतकीगंध

आलो परत. उशीर झाला, पण शब्द दिला होता.

आधी जे अपेक्षेपेक्षा कमी होतं ते. लाउंजमध्ये बसायला जागा नव्हती. सुट्टीचा पहिला शुक्रवार, सगळे तिथेच. सासूबाईंना व्हीलचेअरवरच बसवून ठेवलं, तीच सगळ्यात आरामाची खुर्ची ठरली. खाट फोटोतल्यापेक्षा अरुंद, खांद्याला दोन्हीकडून स्पर्श होतो. त्यात वळायचं म्हणजे आधी विचार करून वळायचं. एअरबॅगचा पट्टा जड आहे, पोटावर जाणवत राहतो.

आता चांगलं. शांतनदी, पहिल्या रांगेचा सल्ला सोन्यासारखा निघाला. पायाच्या खोबणीत भरपूर जागा होती. पाय लोंबकळतील हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मला सुचलं नसतं. जास्तीची उशी चढल्या चढल्याच मागून घेतली. विमानसेवकांना सांगितलं की सासूबाईंना सगळं जेवण एकदमच द्या आणि सकाळी उतरण्याच्या तयारीपर्यंत उठवू नका. त्यांनी आनंदाने ऐकलं. त्यामुळे दीड तास तरी वाचला. सासूबाई एकूण पाच तास झोपल्या. मधे दोनदा उठवून मी त्यांना वाटेवर फिरवून आणलं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा उठवलं तेव्हा रागावल्या माझ्यावर.

सकाळी त्या स्वतः उठून उभ्या राहिल्या, खुर्चीचा हात न धरता. मी बघत होते. चार वर्षांत त्यांना असं उठताना पाहिलं नव्हतं. छोट्या विमानात पायऱ्या चढून गेल्या.

परत येताना चौघं इकॉनॉमीत, पुढे भिंत असलेल्या रांगेत, जास्तीची जागा विकत घेऊन. दर तासाने उठलो. गुडघे दुखले, खोटं कशाला सांगू, पण दिवस होता आणि गप्पा होत्या. वाचलेल्या पैशांत तीन दिवस जास्त राहिलो.

पिंपळपान

वाचून फार बरं वाटलं! लेक नाराज झाली का मागे बसावं लागलं म्हणून?

केतकीगंध

चढताना झाली होती, पडद्यापाशी हात सोडताना. मग बाबाबरोबर नकाशा बघत जागी राहिली आणि उतरल्यावर आजीला विचारत होती की खाली दिव्यांचं शहर दिसलं ते तू पाहिलंस का. आजीच्या सीटला खिडकीच नव्हती. मधली जोडी घेतली की खिडकी मिळत नाही, हेही कोणी तिकीट काढणार असेल त्याने लक्षात ठेवा. येताना सासूबाईंनी खिडकी मागून घेतली आणि नातीला शेजारी बसवलं.